समेवर खाली: जॅझ, पॉप आणि रेगेच्या एका अल्बमचं प्रकरण

या प्रकरणात कोणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मी या अल्बमचा ध्वनिमुद्रक होतो, पुढे सहनिर्माताही झालो. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या खात्यावर धरायला हरकत नाही.

पार्श्वभूमी

पियानिस्ट मूळची वसईची. घर चर्चच्या कॉयरमधलं. लहानपणी पाय पोचायला लागल्याबरोबर तिला पायपेटीवर बसवलं गेलं. नंतर पियानो, ट्रिनिटीच्या परीक्षांच्या आठव्या ग्रेडपर्यंत. कॉलेज संपल्यावर मुंबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी ७ ते ११, आठवड्याचे पाच दिवस, अशी सहा वर्षं तिने एकटीने पियानो वाजवला. लग्नानंतर पुण्यात आली. दिवसा मुलांना शिकवायचं आणि रात्री गाणी लिहायची, असा क्रम. ती ३६ वर्षांची असताना माझ्याकडे आली तेव्हा ११ गाणी तयार होती. आठ इंग्रजी, तीन मराठी.

गाण्यांमध्ये जॅझ होतं, पॉप होतं आणि जमैकातलं रेगे होतं. पहिल्या भेटीत मी विचारलं, हे तीन का? तिचं उत्तर साधं होतं. जॅझ हॉटेलने शिकवलं, पॉप शाळेच्या बसमध्ये ऐकलं आणि रेगेच्या कॅसेट जहाजावर नोकरी करणारा मामा आणायचा. जे कानात होतं तेच उतरलं. ‘फ्यूजन’ हा शब्द तिने एकदाही वापरला नाही, आणि मला तेव्हाच बरं वाटलं.

इथे थोडं विषयांतर. जॅझ आणि रेगे ही दोन टोकं आहेत असं आपल्याकडे वाटतं, पण जमैकात तसं नव्हतं. १९६०च्या दशकात किंग्स्टनमध्ये आधी स्का, मग रॉकस्टेडी आणि १९६८च्या सुमारास रेगे आलं. ते वाजवणाऱ्या स्टुडिओतल्या वादकांपैकी बरेच जण जॅझवर वाढलेले होते. १९६४मध्ये जमलेल्या स्कॅटलाइट्स या स्का बँडमधले कितीतरी फुंकवादक अल्फा बॉइज स्कूलमधून आलेले. ही शाळा कॅथलिक नन्स चालवत आणि तिथे मुलांना बँडमध्ये नोटेशन वाचायला शिकवत. स्टुडिओ वन या तिथल्या रेकॉर्ड कंपनीचा कीबोर्डवादक जॅकी मिटू, गिटारवाला अर्नेस्ट रँगलिन, पुढे जॅझमध्ये नाव काढलेला किंग्स्टनचाच पियानिस्ट माँटी अलेक्झांडर हे सगळे याच वळणाचे. गोव्यातही पॅरिशच्या शाळांनी पोरांना व्हायोलिन आणि सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवलं. ती पोरं मुंबईत आली, १९३०च्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफोर्डसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकन पियानिस्टांच्या काळात जॅझ वाजवू लागली आणि नंतर हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरली. चर्चने शिकवलेलं नोटेशन आणि पोटासाठी वाजवलेलं नाचाचं संगीत ही जोडी दोन्हीकडे सारखीच. आमची पियानिस्ट त्याच वाटेवरची होती. मला हे तेव्हा नीट कळलं असतं तर पुढचा बराच खर्च वाचला असता.

खर्चाचा अंदाज साडेचार लाखांचा. सगळे तिच्या साठवणीतले. ड्रमर काका ५८ वर्षांचे होते. तीस वर्षं मराठी ऑर्केस्ट्रात काढलेली, मध्ये काही वर्षं हॉटेलात स्विंग, म्हणजे झुलत्या लयीचं जॅझ, वाजवलेलं, ब्रशचा हात फार सुरेख. बेसिस्ट मडगावचा, सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या शॅकवर रेगे वाजवून तयार झालेला. आणि ट्रॉम्बोनला पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ग्रँड पियानो असलेला स्टुडिओ जुलैत सहा दिवसांसाठी स्वस्तात मिळाला. जुलैत का स्वस्त, हे आम्ही विचारलं नाही.

अडचण

पहिले तीन दिवस वाया गेले. घरी केलेली डेमो, म्हणजे फक्त पियानो आणि गळा, ऐकताना जीव अडकायचा. तीच गाणी बँडबरोबर वाजली की जड व्हायची. रेगेची गाणी तर चिखलातून चालल्यासारखी. तिसऱ्या संध्याकाळी ओळखीच्या एका निर्मात्याला रफ ऐकवलं. तो म्हणाला, “तीन माणसांचे तीन अल्बम एकत्र केल्यासारखं वाटतंय.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष तीन शैलींचा आहे, हे निदान आम्ही त्या रात्रीच पक्कं करून टाकलं.

ते चुकीचं होतं. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली अडचण माझ्या हाताने झालेली. रेगेच्या गाण्यांचा वेग मी कागदावर १४४, म्हणजे मिनिटाला १४४ मात्रा, असा लिहून काकांना पाठवला होता. रेगेची लय दोन तऱ्हांनी मोजतात. सावकाश मोजलं तर ७२, दुप्पट मोजलं तर १४४. मी दुपटीने मोजत होतो आणि ते कुठेच लिहिलं नव्हतं. काकांनी १४४ बघून घरी आठवडाभर जलद पॉपचा ठेका घोटला. स्टुडिओत पहिल्याच काउंटला ते घोड्यावर आणि बेसिस्ट बैलगाडीत.

वेग जुळवल्यावरही काम संपलं नाही. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात १४४च्या हिशेबाने चार मात्रा धरल्या तर पहिली मात्रा रिकामी असते. दुसऱ्या मात्रेवर पियानो किंवा गिटारचा छाटलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), तिसरीवर किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा फटका) एकदम, चौथीवर पुन्हा कॉर्ड. काकांचा पाय मात्र दर वेळी पहिल्या मात्रेवर पडायचा. तीस वर्षं केरवा तालात ‘धा’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाकलेला माणूस. त्यांना समजत नव्हतं असं मुळीच नाही. समजत होतं, पण पाय ऐकत नव्हता.

दुसरी अडचण पियानोची. दुसऱ्या दिवशी सकाळी पियानो सुरात नव्हता. मधली सप्तकं चढलेली. ट्यूनर मुंबईहून पुन्हा आले, झाकण उघडून आत हात फिरवला आणि मला म्हणाले, “रात्री एसी बंद केला होता का?” केला होता. वीजबिल वाचावं म्हणून स्टुडिओवाले रोज रात्री बंद करायचे. ट्यूनरनी मला साउंडबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीवर, बोट ठेवून दाखवलं. लाकूड पावसाळी हवेतली ओल ओढून फुगतं, तारांचा ताण वाढतो आणि सूर चढतो, मधल्या भागात जास्त. बेस गिटार सूर मोजणाऱ्या यंत्रावर ४४० हर्ट्झला लावलेली, पियानो तिच्याहून किंचित वर. पहिल्या दिवसाचा टेक आणि दुसऱ्या दिवसाचा टेक जोडायला गेलं की सांधा कानाला टोचायचा. दोन गाणी त्यात गेली. पुढचे दिवस रात्रीच्या एसीचे पैसे आम्ही वेगळे दिले. जुलै स्वस्त का होता ते अशा रीतीने कळलं.

तिसरी अडचण आम्हाला सगळ्यात उशिरा दिसली आणि तीच खरी होती. मिक्स ऐकताना काहीतरी शोधत मी एकदा बेस गिटार बंद केली. गाणं एकदम स्वच्छ झालं. बेस चालू करून पियानो बंद केला, तरी स्वच्छ. दोन्ही चालू, की चिखल. पियानिस्टचा डावा हात सतत कॉर्डचा मूळ स्वर वाजवत होता, बहुतेक वेळा दोन सप्तकांत एकदम. साहजिकच होतं. चर्चमध्ये चार आवाजांची भजनं वाजवताना खालचा आवाज डाव्या हाताचा असतो. आणि लॉबीत एकटीने वाजवताना तुमचा बेसिस्ट म्हणजे तुमचा डावा हातच. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. पियानोच्या मधल्या सा-पासून, म्हणजे मिडल सी-पासून, दोन सप्तकं खाली उतरलं की ६५ हर्ट्झ. दोघं एकाच खोलीत राहत होते आणि दोघांनाही खाट हवी होती.

मी मिक्समध्ये पियानोचा २०० हर्ट्झखालचा भाग कापून पाहिला. ग्रँड पियानो खेळण्यातल्या पियानोसारखा टुणटुण करू लागला. दोन माइकवर दोन्ही हात एकत्रच आलेले, त्यामुळे डावा हात वेगळा काढता येईना. म्हणजे मिक्समध्ये दुरुस्त होणारी ही गोष्ट नव्हती. पुन्हा वाजवायला लागणार होतं.

कोणते पर्याय होते

तीन दिवस शिल्लक, पैसे निम्म्याहून जास्त संपलेले. चौथ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडण्याआधी आम्ही बाहेरच्या टपरीवर बसलो.

रेगे काढून टाकावं आणि सहा गाण्यांचा छोटा, जॅझ-पॉप असा संग्रह करावा, हे माझं मत. स्वस्त, सुबक आणि झेपेल असं. पियानिस्टला ते मान्य नव्हतं. तिच्या लेखी ती रेगेची गाणी बाजूला काढली की उरलेली गाणी हॉटेलातली व्हायची.

दर शैलीला वेगळे वादक घ्यावेत, हा त्या निर्मात्याचा सल्ला. रेगेसाठी बाहेरून ड्रमर आणायचा. प्रत्येक गाणं अस्सल झालं असतं यात शंका नाही. पण मग ‘तीन अल्बम’ ही तक्रार कायमची पक्की झाली असती. शिवाय काकांना सांगणार कोण? पियानिस्ट म्हणाली, “काकांना मी सांगणार नाही.” तो विषय तिथेच संपला. आता मागे वळून पाहिलं तर भिडेपोटी घेतलेला तो निर्णय संगीताच्या दृष्टीनेही बरोबर निघाला. पण तो भिडेपोटीच घेतला होता हे मान्य केलं पाहिजे.

तिसरा पर्याय, ड्रम संगणकावर प्रोग्राम करायचे. पॉपच्या गाण्यांना चाललं असतं. स्विंगला अजिबात नाही. स्विंगमधल्या जोड-मात्रांची लांब-आखूड वेगाप्रमाणे बदलते. संथ गाण्यात ती तिगुणीच्या जवळ असते, जलद गाण्यात जवळजवळ सरळ होते, आणि चांगला ड्रमर एका गाण्याच्या आतही ती हलवतो. ते संगणकाच्या समान मापांच्या जाळीवर बसवायला गेलं की मेलंच.

उरलेला पर्याय होता सगळं थांबवायचा. उरलेले तीन दिवस पुढे ढकलायचे, पाच आठवडे तालीम करायची आणि सगळ्यांनी एका खोलीत एकत्र बसून पुन्हा वाजवायचं. यात आतापर्यंतचे पैसे बुडीत धरायचे होते. बेसिस्ट इतका वेळ गप्प होता. चहाचा ग्लास ठेवून तो म्हणाला, “बाय, पैसे तर गेलेच आहेत.” स्टुडिओवाल्यांनी तीन दिवस सप्टेंबरमध्ये दिले आणि आम्ही हाच मार्ग घेतला.

काय केलं

तालमी तिच्या शिकवणीच्या खोलीत, साध्या कीबोर्डवर. पहिले दहा दिवस तिने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. हे शब्दशः खरं आहे. पहिल्या संध्याकाळी ती चिडली. दुसऱ्या संध्याकाळी गाताना तिचा आवाज बदललेला आम्हाला सगळ्यांना जाणवला, कारण ती पहिल्यांदाच बेसिस्टचं ऐकून गात होती. तोवर ती स्वतःच्या डाव्या हाताचं ऐकून गायची.

दहा दिवसांनी डावा हात परत आला, पण फक्त दोन स्वरांना परवानगी होती, कॉर्डचा तिसरा आणि सातवा. मूळ स्वर बेसिस्टचा. जॅझमध्ये ही रीत जुनी आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी पियानिस्ट बिल एव्हान्सने मूळ स्वर सोडून कॉर्ड मांडायची पद्धत रूढ केली. तिला ते पुस्तकातून ठाऊकही होतं. पण सहा वर्षांच्या लॉबीने ते हातात उतरू दिलं नव्हतं.

रेगेच्या गाण्यांत आणखी कापलं. तिच्या कॉर्डमध्ये नववा, तेरावा असे वरचे स्वर भरलेले असायचे. स्विंगमध्ये ते उमलतात, कारण कॉर्डला वेळ मिळतो. रेगेचा छाटलेला कॉर्ड इतका आखूड असतो की पाच स्वर एकदम वाजले तर कान त्यांना वेगळं करू शकत नाही, भांडं पडल्यासारखा आवाज येतो. म्हणून उजव्या हातात तीनच स्वर, मधल्या सा-च्या वर, आणि हात उचलण्याची वेळ वाजवण्याच्या वेळेइतकीच काटेकोर. वरचे रंगाचे स्वर आम्ही ट्रॉम्बोनला आणि दुसऱ्या आवाजाला दिले. पोलीस बँडवाले काका नोटेशन बघून म्हणाले, “सबंध पानात चार नोटा?” आणि त्या चार नोटा त्यांनी अशा लावल्या की त्या गाण्यात आजही माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

ड्रमर काकांचा पाय मात्र दोन आठवडे समेवरच. बेसिस्टने वाजवून दाखवलं, मी रेकॉर्ड ऐकवल्या, पियानिस्टने टाळ्या धरल्या. मग एके दिवशी चहाला थांबलो असताना काका आपणहून टेबलावर बोटं आपटत बसले होते. लहानपणी ते तबला शिकले होते. एकदम थांबले आणि म्हणाले, “अरे, म्हणजे रूपकासारखं. समेवरच खाली.” रूपक ताल ‘ती ती ना’ असा सुरू होतो. सात मात्रांच्या त्या तालात पहिल्याच मात्रेवर खाली, म्हणजे वजन नसलेली मोकळी मात्रा, असते, भरीचा ‘धी’ नंतर येतो. मात्रा निराळ्या, शैली निराळी, पण सम रिकामी ठेवून तिचं वजन पुढे नेण्याची सवय त्यांच्या अंगात चाळीस वर्षांपूर्वीच पडलेली होती. तिला फक्त हाक मारायची होती. त्या संध्याकाळी पाय सुटला. मी इतके दिवस त्यांना जमैकाच्या रेकॉर्ड ऐकवत होतो याची मला अजून थोडी लाज वाटते.

मराठी रेगेमध्ये वेगळीच गंमत झाली. गाण्याची पहिली ओळ होती, ‘पाऊस येतो, कौलं मोजतो’. ‘पा’ समेवर होता. सम रिकामी केल्यावर तो एकटाच उघड्यावर पडला आणि गाणं बडबडगीतासारखं वाटायला लागलं. पियानिस्टने ओळ एक मात्रा उशिरा उचलली. एवढ्यानेच शब्द मागे रेलून बसले. तिची तक्रार होती की मराठीत आपण ओळ समेवर टेकवूनच सुरू करायला शिकतो. मला हे सरसकट पटत नाही, लावणीत आणि नाट्यगीतात उशिरा उचललेले मुखडे हवे तितके आहेत. आमचा हा वाद अजून चालू आहे.

सप्टेंबरच्या तीन दिवसांत नऊ गाणी एकत्र बसून घेतली. क्लिक, म्हणजे कानात वाजणारा मेट्रोनोम, फक्त दोन पॉप गाण्यांना. दोन गाणी गाळली, एक स्विंग आणि एक मराठी. तीन शैलींचा प्रश्न शेवटी गाण्यांच्या क्रमाने सोडवला, आणि तोही योगायोगाने. चौथं गाणं १४४च्या वेगातलं स्विंग, त्याच्या शेवटी काकांची राइड झांज एकटी उरते. त्यापाठोपाठ रेगेचं ‘पाऊस’ लावून पाहिलं तर नाडी तीच राहिली, फक्त गाणं बसलं. जुलैत ज्या १४४ने घात केला होता त्यानेच इथे पूल बांधला. बाकी सगळा क्रम या जोडाच्या दोन्ही बाजूंना रचला.

नावाचा आणि हिश्शाचा प्रश्न

‘पाऊस’मधली बेसची ओळ बेसिस्टने तालमीत सहज वाजवता वाजवता सापडवली होती. मिक्स झाल्यावर ज्याने त्याने गाणं ऐकून तीच ओळ गुणगुणायला सुरुवात केली. मग बेसिस्टने मला बाजूला घेऊन विचारलं, हे गाणं कोणाच्या नावावर नोंदणार आहात?

आमच्यात लेखी काहीच नव्हतं. त्याला दिवसाचं मानधन ठरलं होतं, आणि एरवी मानधन दिलं की विषय मिटतो. पण रेगेत बेसची ओळ बहुतेक वेळा गाण्याची चालच असते. जमैकात एकाच ‘रिडिम’वर, म्हणजे बेस आणि ड्रमच्या तयार साथीवर, कित्येक गायक आपापली गाणी बसवतात, यावरून तिचं वजन कळावं. आपल्या कायद्यात १९९४पासून संगीतकाराची व्याख्या अशी आहे की जो चाल रचतो तो संगीतकार, मग त्याने ती कागदावर लिहिलेली असो वा नसो. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा सहजासहजी लिहून घेता येत नाही. म्हणजे प्रश्न नुसता मनाच्या मोठेपणाचा नव्हता.

पियानिस्ट आधी दुखावली. गाणं तिचं होतं, शब्द तिचे, वडिलांच्या घराच्या कौलांवरचं होतं. चार दिवस दोघं बोलले नाहीत. मग तिनेच फोन केला. त्या एका गाण्याच्या संगीतात त्याला चौथा हिस्सा, शब्द पूर्णपणे तिचे, आणि आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या नोंदणीत दोघांची नावं, असं ठरलं. रक्कम म्हणून पाहिली तर हसू येईल. पण ते चार दिवस अल्बम बंद पडायच्या बेतात होता.

काय झालं

प्रकाशनाच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, मुख्य प्रकार आणि दुय्यम प्रकार. शैली तीन. आम्ही पॉप आणि जॅझ लिहिलं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अजून प्रकाशित न झालेल्या गाण्यांपैकी एका वेळी एकच पाठवता येतं, तेही निदान सात दिवस आधी. आम्ही इंग्रजी पॉपचं गाणं पाठवलं. काहीच झालं नाही. त्या गाण्याला पियानोची ४८ सेकंदांची सुरुवात होती. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते एक ऐकणं मोजतात, म्हणून मी आग्रहाने ती ११ सेकंदांवर आणली. अल्बममध्ये मूळ तशीच ठेवली. लोकांनी अल्बममधलीच जास्त ऐकली. माझ्या हुशारीचं हे दुसरं उदाहरण.

एकूण खर्च सहा लाखांच्या थोडा वर गेला. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच पैसे मिळतात. आमच्या नऊपैकी चार गाण्यांनी तो आकडा ओलांडला आणि त्यांत पहिलं ‘पाऊस’ होतं, जे आम्ही कुठेच पुढे केलं नव्हतं. वर्षभराच्या त्या कमाईतून ट्यूनरच्या दोन फेऱ्याही निघाल्या नसत्या. पैसे परत आले ते कार्यक्रमांतून, आणि तेही निम्मेच.

डिसेंबरमध्ये वसईला चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. स्विंगला लोक आदराने ऐकत बसले. ‘पाऊस’ सुरू झालं तशा मागच्या दोन रांगांतल्या बायका खुर्च्या सरकवून उभ्या राहिल्या आणि नाचायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर पियानिस्टला पायपेटी शिकवणारे सर, आता ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत स्टेजजवळ आले. “छान झालं गं,” म्हणाले, “पण तुझा डावा हात कुठे गेला? मी किती मेहनतीने बसवला होता.” ती हसली, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती.

आज करायचं तर

डेमोच बेस गिटारसह करायचे. पियानो आणि गळा एवढ्यावर गाणी पारखली, तिथेच डाव्या हाताचा घोळ लपला. दोन तासांचं काम होतं, त्याने तीन दिवस वाचले असते.

हिश्शाचा कागद तालमीच्या पहिल्या दिवशी, चहाच्या आधी. तेव्हा गाण्याला किंमत नसते, म्हणून भांडणही नसतं.

ग्रँड पियानो पावसाळ्यात नको. घ्यावाच लागला तर रात्रीचा एसी करारात लिहून घ्यायचा.

गाळलेल्या मराठी गाण्याबद्दल मात्र आमचं एकमत नाही. मला ते क्रमात बसत नव्हतं. तिच्या मते मी क्रमाच्या प्रेमात पडलो होतो, आणि ती बरोबर असावी. ‘पाऊस’ला मिळालेला प्रतिसाद पाहता तेही मराठी गाणं ठेवायला हवं होतं. पहिलं प्रकाशन लहान असावं, हे माझं टपरीवरचं मतही मी सोडलेलं नाही. सहा लाखांचा आकडा माझ्या बाजूने बोलतो, नाचणाऱ्या बायका तिच्या बाजूने.

वेगाचा कागद आता काका स्वतः लिहितात. रेगे असलं की ७२ लिहून त्याला गोल करतात, खाली चार मात्रा मांडतात आणि पहिल्या मात्रेखाली तबल्याच्या वहीत काढतात तसं खालीचं शून्य काढतात. परवा एका नव्या मुलाने ते बघून विचारलं, “काका, इथे काय वाजवायचं?” काकांनी पेन्सिल उलटी करून त्याच्या गुडघ्यावर टेकवली आणि पाय जागेवर दाबून धरला.